घरगुती बिअर, सोलापूरचा हिवाळा आणि १९४९ चा कायदा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत, थंड प्रदेशांतील हौशी मंडळी भर हिवाळ्यात अंगणात शेगडी मांडून घरच्या घरी बिअर कशी तयार करतात, यावर एक सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. लेखाची भाषा प्रसन्न होती, छायाचित्रे देखणी होती आणि शेवटी साहित्य व कृती यांची चौकटही होती. मात्र बर्फाळ थंडीवाचून ही कला साधत नाही आणि म्हणून सोलापूरसारख्या तापट गावात ती रुजणे शक्य नाही, हे लेखाचे मध्यवर्ती विधान वस्तुस्थितीला धरून नाही. माझी सारी नोकरी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मुलीकडे राहण्याचा योग आला, तेव्हा जावयांचा हाच उद्योग मला ऐन हिवाळ्यात जवळून पाहता आला. मी स्वतः मद्य घेत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील मजकुरामागचा हेतू कोणाला शोधत बसावे लागणार नाही.

पहिली गोष्ट अशी की, ही मंडळी घराबाहेर जातात ती थंडीसाठी नव्हे, तर वाफ आणि आच घराबाहेर ठेवण्यासाठी. हौशी माणूस एका घाण्याला साधारणपणे पाच गॅलन, म्हणजे एकोणीस लिटरच्या आसपास बिअर करतो. त्यासाठी मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजेच माल्ट, भरडून गरम पाण्यात मुरवायची, तिच्यातून उतरणारा गोड रस, ज्याला वॉर्ट म्हणतात, तो वेगळा करायचा आणि हॉप्स या वेलीची कडवट फुले घालून तासभर खळखळून उकळायचा, असा क्रम असतो. या तासाभरात दोन-तीन लिटर पाणी वाफ होऊन जाते. हिवाळ्यात दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या घरात ती वाफ भिंतींवर आणि काचांवर साचते, आणि उकळीच्या सुरुवातीला फेस उतू गेला तर चिकट गोड थर खरवडण्यात संध्याकाळ जाते. शिवाय एवढ्या मोठ्या भांड्याला स्वयंपाकघरातली शेगडी पुरत नाही. प्रोपेनवर चालणारा मोठा बर्नर लागतो आणि त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बंदिस्त जागेत जीवघेणा ठरतो. लेखासोबतच्या एका छायाचित्रात बर्नर गॅरेजच्या आत पेटलेला आणि शटर निम्म्यावर ओढलेले दिसते. थंडी टाळण्यासाठी कोणी तसे केलेही असेल, पण त्याचे अनुकरण होऊ नये, आणि चित्राखाली तशी सूचना असायला हवी होती.

एकदा बाहेर आल्यावर थंडी या कामात मदतीपेक्षा अडचणीच अधिक निर्माण करते. मुरवणीसाठी पंचवीस लिटर पाणी सदुसष्ट अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर नळाचे पाणी पाच अंशांचे असताना जितकी उष्णता लागते, ती आपल्याकडच्या हिवाळी नळाच्या, म्हणजे चोवीसएक अंशांच्या पाण्याला लागणाऱ्या उष्णतेच्या जवळपास दीडपट असते. यात वारा धरलेला नाही, आणि अनुभवी लोक थंडीपेक्षा वाऱ्यालाच अधिक घाबरतात, कारण वारा ज्योत भांड्याच्या बुडापासून बाजूला ढकलतो आणि भांड्याच्या अंगावरची उष्णताही ओढून नेतो. म्हणून बर्नरभोवती पत्र्याचा आडोसा उभारतात, मात्र सिलिंडर आडोशाच्या बाहेर, दूर ठेवतात.

सिलिंडरचे दुखणे तर आणखी निराळे आहे. आतील द्रवरूप वायू बाहेर पडण्याआधी वाफेत बदलतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो स्वतःच्या भोवतालातूनच घेतो. मोठ्या ज्योतीसाठी वायू भराभर ओढला गेला की सिलिंडर थंड पडतो, त्यावर हिमाचा पांढरा थर धरतो, आतील दाब घसरतो आणि ऐन उकळीच्या वेळी ज्योत मलूल होते. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे बेचाळीस अंश असल्यामुळे मिनेसोटातही तो कसाबसा काम भागवतो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्यूटेनही असते आणि ते शून्याच्या किंचित खालीच वायुरूप होण्याचे सोडून देते, त्यामुळे तिथल्या उणे वीस अंशांत आपला तांबडा सिलिंडर बहुतेक मुकाट बसून राहिला असता. त्यावर उपाय म्हणून सिलिंडर कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवणारे लोक आहेत. त्याला ज्योतीने शेक देण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

मुरवणीचा तास हा सर्वांत नाजूक. बार्लीच्या माल्टमधली विकरे (एन्झाइम) पिष्टाची साखर करतात ती पासष्ट ते अडुसष्ट अंशांच्या अरुंद पट्ट्यात उत्तम. तापमान त्याखाली रेंगाळले तर बिअर पातळ व कोरडी होते, वर गेले तर जड आणि गोडसर. उघड्यावर, शून्याखालच्या हवेत, पातळ पत्र्याचे भांडे तासाभरात कितीतरी अंश गमावते, म्हणून जाड भिंतींची शीतपेटी वापरतात किंवा भांडे घोंगड्या-रजयांत गुंडाळतात. आमच्या जावयांनी त्यासाठी मुलीच्या रुखवतातली सोलापुरी चादर काढली होती. मुलीचा राग बाजूला ठेवला तर चादरीने आपले काम चोख बजावले, एवढे सांगणे मला आवश्यक वाटते.

बाकीच्या अडचणी लहान, पण खर्चिक आहेत. बाहेरचे नळ हिवाळ्यात बंद केलेले असल्याने पाण्याचा पाइप घरातून ओढावा लागतो. त्यात पाणी साचून राहिले तर ते गोठून पाइप निकामी होतो, आणि रस गार करण्याच्या तांब्याच्या कॉइलमध्ये, म्हणजे वेटोळ्याच्या नळीत, पाणी राहिले तर ती उकलते. जमिनीवर सांडलेल्या पाण्याचा क्षणार्धात काचेसारखा बर्फ होतो आणि वीस लिटर उकळत्या रसाचे भांडे हातात असताना त्यावरून पाय घसरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. भरलेल्या बाटल्या बाहेर विसरल्या तर पाच टक्के मद्यार्काची बिअर उणे दोन-तीन अंशांनाच गोठू लागते आणि बाटल्या फुटतात. रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर ठरावीक तापमानासाठी आखलेला असल्याने गार नमुन्यात तो चुकीचा आकडा दाखवतो. लेखात यांतील एकाही गोष्टीचा उल्लेख नाही.

थंडीचा खराखुरा उपयोग होतो तो फक्त उकळीनंतर. उकळता रस जितक्या लवकर यीस्ट, म्हणजे रस आंबवणारा सूक्ष्मजीव, सोसेल अशा तापमानाला येईल तितके चांगले, कारण कोमट गोड रस जिवाणूंनाही तितकाच प्रिय असतो. तांब्याची कॉइल रसात बुडवून तिच्यातून जमिनीखालच्या नळाचे चार-सहा अंशांचे पाणी सोडले की वीस लिटर रस पंधरा-वीस मिनिटांत वीस अंशांवर येतो, आणि झपाट्याने गार होताना त्यातील प्रथिनांचा साका तळाशी बसून बिअर नितळ होते. लेखकाने भांडे बर्फाच्या ढिगात रोवण्याची जी रम्य कल्पना मांडली आहे, ती प्रत्यक्षात फार चालत नाही. भुसभुशीत हिमात हवा अडकलेली असल्याने तो उष्णता पुढे जाऊ देत नाही. भांड्यालगतचा हिम वितळतो, तिथे पोकळी तयार होते आणि भांडे त्या पोकळीत तासन्‌तास गरमच राहते. त्याऐवजी टबमध्ये पाणी आणि बर्फ यांचे मिश्रण करून त्यात भांडे ठेवले आणि पाणी ढवळत राहिले तर काम होते.

आणि इथेच लेखातील मुख्य विधान कोसळते, कारण रस गार झाल्यावर ही मंडळी त्याला उचलून घरात, तळघरात नेतात. आंबवण्याची क्रिया बाहेर, थंडीत होतच नाही. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट अठरा ते वीस अंशांच्या आसपास रमते आणि त्याहून बरेच खाली गेले तर गाळासारखे तळाशी बसून झोपी जाते. आपल्या घरी हिवाळ्यात दह्याचे भांडे घोंगडीत का ठेवतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजायला अडचण पडणार नाही. लागर प्रकाराचे यीस्ट आठ ते बारा अंशांत काम करते हे खरे, पण तेसुद्धा स्थिर आठ-बारा अंशांत, दिवसा शून्य आणि रात्री उणे वीस अशा अंगणात नव्हे. म्हणजे बर्फाच्या देशातला हौशी माणूस बिअर थंडीत करतो असे म्हणण्यापेक्षा तो ती थंडीपासून वाचवत वाचवत करतो, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

थंडी आणि बिअर यांची सांगड पूर्वी होती, ती वेगळ्या कारणाने. जर्मनीतील बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर तयार करण्यास बंदी घातली, कारण उन्हाळ्यात केलेली बिअर आंबट होऊन फुकट जात असे. त्या काळी यीस्ट नावाचा सजीव असतो याचीच कोणाला कल्पना नव्हती, आणि शीतयंत्रही नव्हते. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड डायर यांनी हिमालयातील कसौलीला बिअरचा कारखाना काढला तो तिथली गार हवा आणि झऱ्याचे पाणी पाहूनच. (जालियनवाला बागेतील डायर तो यांचाच मुलगा.) पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी शीतयंत्रे कारखान्यांत आणली, १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शुद्ध यीस्ट वेगळे करून दाखवले आणि बिअरची ऋतूशी बांधलेली गाठ सुटली. गंमत म्हणजे, पश्चिम नॉर्वेतील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट तीस ते चाळीस अंशांत उत्तम आंबवते. इतक्या थंड मुलखात जपले गेलेले यीस्ट आपल्या एप्रिल महिन्यातही डगमगणार नाही, मग थंडीची अट राहिली कुठे?

आता आपल्या गावाकडे येतो. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारणपणे पंधरा-सोळा अंशांवर असतो, थंडीची लाट आली तर दहाच्या आसपास उतरतो, आणि दुपारी तीसच्या घरात जातो. गड्ड्याच्या यात्रेला रात्री स्वेटर घालून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी सावली शोधतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. या हवेत वर सांगितलेल्या अडचणींपैकी जवळजवळ एकही उरत नाही. सिलिंडर गोठत नाही, पाइप फुटत नाही, मुरवणीचे भांडे एका साध्या चादरीत ऊब धरून राहते आणि उकळीची वाफ गच्चीवरून मोकळी निघून जाते. अडचण आहे ती थंडीच्या अभावाची नसून दिवस आणि रात्र यांतील पंधरा अंशांच्या तफावतीची. यीस्टला गार किंवा ऊबदार यांपेक्षा स्थैर्य हवे असते. तापमान हेलकावे खाऊ लागले की ते आधी सुस्त पडते आणि मग चेव येऊन नको ते जड अल्कोहोल आणि उग्र वास निर्माण करते. त्यात आंबवण्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रसाची स्वतःचीच ऊब तीन-चार अंशांनी चढते, हे धरून चालावे लागते.

या अडचणीवर आपल्या भागातील माळवदी घरांनी केव्हाच उपाय करून ठेवला आहे. दोन-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद असलेल्या घराच्या मधल्या खोलीत बाहेरच्या पंधरा अंशांच्या तफावतीतले जेमतेम चार-दोन अंश पोहोचतात. सिमेंटच्या स्लॅबखाली राहणाऱ्याने आंबवण्याचे भांडे पाण्याच्या टबात ठेवून वर ओले गोणपाट गुंडाळले, तर आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवनानेच तापमान काही अंश खाली राहते, जसे ते माठात राहते. रस झटपट गार करण्याचे काम मात्र इथे अवघड आहे, कारण नळाचे पाणी चोवीस-पंचवीस अंशांचे, आणि ते काही दिवसांआड येणाऱ्या शहरात शे-दीडशे लिटर पाणी कॉइलमधून नुसते वाहू देणे मला तरी पाप वाटेल. त्यावर ऑस्ट्रेलियातील हौशी लोकांनी, त्यांच्याकडील पाणीटंचाईच्या काळात, एक सोपी पद्धत रूढ केली. उकळता रस तसाच जाड, उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या बुधल्यात काठोकाठ भरायचा, झाकण घट्ट लावायचे, बुधला आडवा करून झाकणाच्या आतल्या बाजूलाही उकळत्या रसाने निर्जंतुक होऊ द्यायचे आणि रात्रभर आपोआप गार होऊ द्यायचे. सोलापूरच्या जानेवारीतील रात्र या कामाला पुरेशी आहे.

बार्ली आपल्याकडे पिकत नाही, असा लेखकाचा आणखी एक आक्षेप आहे. पण हा जिल्हा ज्वारीचा आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बीत डौलाने उभी असते आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्वारीपासून बिअर करणे ही काही नवी किंवा चमत्कारिक कल्पना नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोचे डोलो हे पेय ज्वारीचेच आहे, दक्षिण आफ्रिकेतील उमकोंबोथीत मक्याबरोबर ज्वारीचा माल्ट असतो, आणि नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारीकडे वळावे लागले होते. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यासाठीही तिला मागणी आहे. अर्थात बार्लीची कृती जशीच्या तशी ज्वारीला लावून चालत नाही. ज्वारीचे पिष्ट फुलायला बार्लीपेक्षा अधिक तापमान लागते, बहुधा सत्तर अंशांच्या वर, आणि तेवढ्या तापमानाला तिची स्वतःची विकरे टिकत नाहीत. म्हणून आधी ज्वारीच्या कण्या पातळसर शिजवून घ्यायच्या, त्या पासष्ट अंशांच्या आसपास निवू द्यायच्या आणि मग त्यात माल्ट मिसळायचा, हा मार्ग धरावा लागतो. दुसरे, ज्वारीला मोड आणताना एक धोका आहे आणि तो आपल्या शेतकऱ्यांना मुळीच अपरिचित नाही. ज्या घटकामुळे कोवळी ज्वारी खाणाऱ्या जनावरांना किराळ लागते, तोच सायनाइड निर्माण करणारा घटक मोडांच्या कोंबांत आणि मुळांत भरपूर असतो. त्यामुळे मोड आलेली ज्वारी नीट वाळवून कोंब-मुळे चोळून, पाखडून काढून टाकणे आणि पुढे रस उघड्या भांड्यात चांगला उकळणे अनिवार्य ठरते. पुरवणीतील चौकटीत 'कोणतेही मोड आलेले धान्य चालेल' असे मोघम वाक्य आहे. ते गंभीर आहे आणि त्याची दुरुस्ती व्हावी.

एवढे सारे लिहिल्यावर वाचकांना वाटेल की मग अडले कुठे? अडले ते कायद्यापाशी, आणि लेखात नेमका त्याचाच एका शब्दानेही उल्लेख नाही. आपल्या राज्याला लागू असलेल्या १९४९ च्या दारूबंदी अधिनियमात मद्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्वच द्रव एका ओळीत बसवले आहेत, आणि परवान्यावाचून मद्यनिर्मिती हा कलम ६५ नुसार गुन्हा आहे. घरापुरती वीस लिटर बिअर आंबवू पाहणाऱ्या माणसासाठी त्यात कोणतीही पायरी नाही. मोठ्या कारखान्याला परवाना आहे, हॉटेलात यंत्रे बसवून बिअर विकणाऱ्यांनाही आहे आणि पुण्यात २००९ पासून अशी ठिकाणे सुरू झाली. ज्याला विकायचेच नाही, त्याला मात्र दार बंद. मिनेसोटातील जावई जे अंगणात शेजाऱ्यांशी गप्पा मारत करतात, तेच इथे गच्चीवर केले तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'गूळमिश्रित रसायन नष्ट' या मथळ्याखाली त्यांचे नाव येईल.

सोलापुरात हा विषय हलक्याने मांडता येत नाही, याची मला पुरती जाणीव आहे. मे १९३० मध्ये शिंदीची झाडे तोडण्यासाठी निघालेल्या सत्याग्रहींमुळेच या शहरात ठिणगी पडली, गोळीबार झाला, पुढे मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. दारूविरोध हा आपल्या शहराच्या स्वातंत्र्यलढ्याचा भाग आहे. हातभट्टीने आपल्या जिल्ह्यात किती घरे उद्ध्वस्त केली, हे नव्याने सांगायला नको. ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या 'ऑपरेशन परिवर्तन'मधून हातभट्टीवर पोट असलेल्या कुटुंबांना दुसरा रोजगार देण्याचा जो प्रयत्न झाला, त्याचे मोल मी जाणतो. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील दारूबंदीविषयीचे मार्गदर्शक तत्त्वही माझ्या दृष्टीआड नाही.

तरीही शास्त्राच्या दृष्टीने आंबवणे आणि गाळणे या दोन निराळ्या क्रिया आहेत आणि कायद्याने त्यांना एकाच मापाने मोजू नये, असे माझे मत आहे. काळा गूळ आणि नवसागर घालून केलेले रसायन भट्टीवर चढवून त्याचा अर्क काढणे, यात मद्यार्काचे प्रमाण अनेक पटींनी वाढते, आणि त्यात पुढे औद्योगिक मिथेनॉल मिसळले गेले की काय होते, हे २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत शंभराहून अधिक माणसे गमावून आपण पाहिले. धान्याच्या आंबवलेल्या रसात मद्यार्क चार-पाच टक्के असतो. त्यात मिथेनॉल घातक प्रमाणात तयार होत नाही, आणि हॉप्स, आम्लता व मद्यार्क यांच्या एकत्रित परिणामामुळे माणसाला आजारी पाडणारे जिवाणू त्यात सहसा तग धरत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट लागते, तिला वास येतो, ती ओतून द्यावी लागते, एवढेच. बाटलीत भरण्याची घाई केली आणि आंबणे पुरते झालेले नसले तर बाटली फुटून इजा होऊ शकते, हा या छंदातील खरा धोका आहे आणि तो शिकवून टाळता येतो.

घरी बिअर करू दिली तर व्यसने वाढतील, असा आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. ज्या आयाबहिणींनी गावोगाव मतदान घेऊन बाटली आडवी केली त्यांच्या तोंडी तो शोभतोही. परंतु दारूच्या आहारी गेलेला माणूस दिवसभर भांडी निर्जंतुक करून, तासभर थर्मामीटर धरून, मग तीन-चार आठवडे बुधल्याकडे पाहत बसत नाही. त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाच मिनिटांत हवे ते मिळते आणि बहुधा याहून स्वस्तही पडते. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने प्रौढ व्यक्तीला वर्षाला शंभर गॅलन, आणि घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर दोनशे गॅलन बिअर, विक्री न करण्याच्या अटीवर, करमुक्त करता येते. तरीही तिथल्या काही राज्यांनी आपला विरोध पुढे कित्येक वर्षे सोडला नाही आणि मिसिसिपी व अलाबामा यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. दोनशे गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर. एवढी मुभा आपल्याकडे कोणीही मागू नये, मीही मागत नाही. आपल्याच देशात काही राज्यांनी आदिवासी समाजाला घरच्या वापरापुरते पारंपरिक पेय करण्याची सूट दिली आहे, म्हणजे घरगुती वापर आणि व्यापार यांत कायदा फरक करू शकतो हे सिद्धच आहे.

राज्य उत्पादन शुल्क विभागाने माफक शुल्काचा, मुदतीचा एक परवाना निर्माण करावा. बिअर पिण्यासाठी आपल्या राज्यात एकवीस वर्षांची अट आहेच, तीच इथेही असावी. एका घरात एका वेळी वीस लिटरपेक्षा अधिक साठा नसावा, विक्री व वाटप निषिद्ध असावे आणि अर्क काढण्याची नळी किंवा भट्टी सापडली तर सध्याचेच कडक कलम लागू व्हावे. परवाना हवा असणाऱ्याने एका दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आपल्या शहरात आहेत, त्यांच्या प्रयोगशाळांत ते सहज देता येईल. त्यांनाच ज्वारीच्या माल्टवर प्रयोग करण्याची मोकळीकही सरकारने द्यावी. या कामाची सुरुवात नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी या मुदतीपुरती, प्रायोगिक म्हणून, एका जिल्ह्यातून करता येईल, आणि त्यासाठी सोलापूरइतका योग्य जिल्हा मला दुसरा दिसत नाही. ज्वारी इथली आहे, हुरड्याच्या दिवसांतील हवा या कामाला अनुकूल आहे, आणि हातभट्टीचा अनुभव गाठीशी असलेले पोलीस व उत्पादन शुल्क अधिकारी आंबवणे कोणते आणि गाळणे कोणते हे वासावरून ओळखतील.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपणांस एकच विनंती आहे. पुरवणीतील साहित्य-कृतीची चौकट वाचून एखादा उत्साही तरुण येत्या रविवारी गच्चीवर पातेले चढवण्याची शक्यता नाकारता येत नाही. तेव्हा पुढच्या अंकात त्याच जागी, त्याच आकाराच्या चौकटीत, परवान्यावाचून घरी बिअर तयार करणे महाराष्ट्रात गुन्हा आहे, बर्नर बंद जागेत पेटवू नये, आणि ज्वारीचे मोड कोंब-मुळांसह वापरू नयेत, या तीन सूचना ठळक अक्षरांत छापाव्यात.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर